न म्हटलेलं यमक

हॅलो. हॅलो, चेक. मागं येतंय का? येतंय ना? मग बसा खाली.

मी माईक बोलतोय. दचकू नका. आजवर सगळ्यांचं सगळं माझ्यातूनच गेलं. पुढाऱ्यांची भाषणं गेली, हरवलेल्या पोरांची नावं गेली, 'पाहुणे मंडळींनी जेवून जावे' गेलं. माझं असं कुणी विचारलंच नाही. आज विचारलंत, तर भराभर सांगून टाकतो, कारण मला स्वस्थ राहवत नाही. स्टँडवर बसवलं की माझी मान हळूहळू कलते. टेबलावर ठेवलं की मी घरंगळतो. खोक्यात घातलं की स्वतःच्याच वायरीत गुंडाळून घेतो आणि मग मला सोडवायला दोन माणसं लागतात. पूर्वी मी असा नव्हतो. चांगला सरळ, गंभीर माईक होतो.

जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. तिथून नगरच्या बाजारात आलो. आता अहिल्यानगर म्हणायचं, पण मी आलो तेव्हा नगर होतं. तिथल्या एका दुकानात भागवतनं मला हातात घेतलं, 'हॅलो' म्हटलं, आणि पुढच्या श्वासाला म्हणाला, "आवाज आहे गोड, पण किमतीत करा तोड." दुकानदारानं तोड केली नाही. तरी भागवतनं मला घेतलं आणि राहात्याला आणलं.

आमच्या भागवतचा राहात्यात मंडप, लाईट आणि साउंडचा धंदा. पण ते पोटासाठी. मनातून तो निवेदक. लग्न, साखरपुडा, बारसं, वाढदिवस, गुरुजींचा निरोप समारंभ, कुठंही भागवत माझ्यापुढं आला की दर दोन ओळींना यमक पडलंच म्हणून समजा. घरातसुद्धा तेच. एकदा जेवताना त्यानं बायकोला हाक मारली, "भाजीला नाही मीठ, माधुरी जरा बघ नीट."

माधुरीवहिनी म्हणाल्या, "नीटच बघतीये. ताट उचलते. आज तुमचा उपास."

त्याची कीर्ती अशी, की नव्या नवऱ्या उखाणे त्याच्याकडून बांधून घ्यायच्या. एका मुलीच्या नवऱ्याचं नाव मच्छिंद्र. भागवत आठवडाभर त्या नावाशी झटला. मच्छिंद्रला यमक जुळेना. जुळे ते सुरेंद्र, राजेंद्र, महेंद्र. शेवटी त्यानं हे सगळे घालून एक लांबलचक उखाणा बांधला. ती मुलगी दारात माप ओलांडताना तो माझ्यावर म्हणाली, आणि सासू आतून ओरडली, "हे येवढे बाप्ये कोन हायेत गं? नवरा एकच हाय ना तुला?"

असो. आता माझं एक गुपित सांगतो. तुम्हाला अक्षर कानाला लागतं. मला ते तोंडावर बसतं.

प, फ, ब, भ म्हणजे वाऱ्याचा ठोसा. शिर्डीकडच्या एका सभेत एका पुढाऱ्यानं 'बंधू-भगिनींनो' असं काही जोरात म्हटलं, की मी स्टँडसकट मागं गेलो आणि त्याच्या गळ्यातल्या हाराच्या पाकळ्या तिसऱ्या रांगेत पडल्या. खोटं वाटत असेल तर तिसऱ्या रांगेतल्या कुणालाही विचारा. स आणि श आले की तेलात मोहरी पडल्यासारखं चरचरतं. ट, ठ, ड, ढ म्हणजे मंडपाच्या खुंट्या ठोकताहेत. आणि ल, म, न आले की वाटतं, कुणीतरी पदराच्या टोकानं माझी जाळी पुसतंय.

त्यामुळं मला फार लवकर कळलं, की कविता करणारा माणूस नुसत्या शब्दांनी बोलत नाही. भागवत कुस्त्यांच्या आखाड्यात म्हणायचा, "धरला, ढकलला, धाडकन धुळीत धाडला!" तर माझी वायर ताठ व्हायची. कोण कुणाशी लढतंय हे न कळताही अंगात रग यायची. तोच भागवत बारशाला म्हणायचा, "मऊ मऊ मुठीत मावेना मन," तर ॲम्प्लिफायरसुद्धा घुरघुर थांबवून ऐकायचा. अर्थ शब्दात असेल नसेल, आधी तो अक्षरांच्या चालण्यात असतो. अक्षरं दुडक्या चालीनं आली तर माणूस हसायला तयार होतो. पाय ओढत आली तर गप्प होतो. शब्द काय सांगताहेत ते नंतर.

भागवतला हे हाताला कळायचं, डोक्याला नाही. आणि यमकाच्या बाबतीत तर त्याच्याकडं एकच चाल होती. दुडकी. चार पावलं, उडी, चार पावलं, उडी. लग्नात ती शोभायची. म्हणून कुणाच्या लक्षातच आलं नाही, की त्याच्याकडं दुसरी नाहीच.

मग कारभारीदादा गेले.

कारभारीदादा म्हणजे भागवतचे जुने स्नेही. पेरूची बाग होती, बशीतून चहा प्यायचे, आणि बोलावणं असो-नसो, भागवतचं निवेदन असलेल्या प्रत्येक लग्नात पहिल्या रांगेत बसायचे. मागं बायको मालनबाई आणि एकुलती एक मुलगी रेश्मा. रेश्मा नाशिकला नोकरीला. तिच्या लग्नाचं बघणं चालू होतं, तेवढ्यात दादांच्या छातीत कळ आली आणि सगळं तिथंच राहिलं.

दशक्रिया गोदावरीच्या घाटावर. पिंड मांडले, आणि सगळे कावळ्याची वाट बघायला लागले. कावळा शिवला की गेलेला माणूस समाधानानं गेला. नाही शिवला तर काहीतरी मनात राहिलंय. आमच्याकडं ही वाट बघण्याची वेळ फुकट घालवत नाहीत. श्रद्धांजल्या वाहतात. एकेक जण मला हातात घेऊन म्हणत होता, "दादांच्या जाण्यानं न भरून येणारी पोकळी निर्माण झाली." इतक्या जणांनी इतक्या पोकळ्या निर्माण केल्या, की घाटावर बसायला जागा उरली नाही.

मग मालनबाई म्हणाल्या, "भागवतभाऊजी, तुमी बोला. त्यांना तुमचं लई आवडायचं."

भागवत माझ्यापुढं आला. त्याच्या डोळ्यांत खरं पाणी होतं, मी जवळून पाहिलंय. पण पाणी डोळ्यांत आणि चाल जिभेवर. जिभेला दुसरी चाल येत नव्हती.

"गेले गेले कारभारी, सुनी सुनी ओसरी सारी,
टोपी रडली, काठी रडली, चहाची बशी पालथी पडली!"

पहिल्या ओळीला माना हलल्या. दुसरीला पाय हलले. मी वरून बघत होतो. चांगली चांगली माणसं, डोळे पुसता पुसता चपलेनं ताल धरत होती. त्यांचा दोष नव्हता. टोपी रडली, काठी रडली, बशी पडली. ड-ड-ड असा तो चेंडू पायऱ्यांवरून उड्या मारत निघाला, तर पाय काय करणार? बशी पडली तशी मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. भागवतला वाटलं हुंदका आहे. तो आणखी रंगात आला.

"स्वर्गात वाजतो ढोल नि ताशा,
दादा आले, सोडा निराशा!"

मागं बँडवाल्यांपैकी एक जण बसला होता. त्यानं नकळत स्टीलच्या डब्यावर तडतड वाजवलं. आणि हशा पिकला. दशक्रियेला. घाटावर.

नेमका तेव्हाच एक कावळा पिंडाजवळ उतरला होता. मान वाकडी करून भाताकडं बघत होता. डब्याची तडतड ऐकली आणि उडाला. उडाला तो साधासुधा नाही. गोदावरी ओलांडून थेट वैजापूर तालुक्यात गेला, आणि जाताना इकडच्या सगळ्या कावळ्यांना सांगून गेला असावा, कारण त्यानंतर घाटावर एक काळं पीस दिसलं नाही.

नवस-सायास सुरू झाले. मालनबाई नदीकडं हात जोडून म्हणाल्या, "पोरीचं लगीन वर्साच्या आत करू. तुमचं नाव घिऊन करू. या आता." कुणी आलं नाही. ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो पिंडाला लावला.

रेश्मा तोवर खालच्या पायरीवर बसून होती. ती पायऱ्या चढून आली आणि भागवतच्या हातातून मला काढून घेतलं. तिचा हात गरम होता.

"काका," ती म्हणाली, "माझा बाप गेलाय. वरात न्हाई निघाली."

एवढंच. मी चालू होतो, त्यामुळं ते पलीकडच्या काठापर्यंत गेलं.

त्यानंतर राहात्यात काय झालं ते विचारू नका. आठवड्याच्या बाजारात भागवतला बघून लोक म्हणायचे, "भागवतराव, आमच्या मक्यावर पाखरं लई बसत्यात. येता का निवेदन करायला?" तो हसायचा आणि पुढं जायचा. पण लग्नात माझ्यापुढं आला की यमकाच्या अलीकडं अडखळायचा. ओठापर्यंत आलेला शब्द गिळायचा. त्यानं मला कसंतरीच व्हायचं. शिंक येता येता राहावी, तसं रोज.

मग तो दुपारी गोडाऊनमध्ये मला एकट्याला लावून बसू लागला. रचलेल्या खुर्च्या, गुंडाळलेले गालिचे, आणि मी. तो दादांसाठी नव्यानं काही जुळवत होता. कुणी मागितलं नव्हतं. त्यालाच ते टोचत होतं.

आधी त्यानं यमक काढूनच टाकलं. सरळ सरळ वाचलं. माधुरीवहिनी चहा घेऊन आल्या होत्या. ऐकून म्हणाल्या, "हे काय, घरपट्टी भरायला सांगताय का लोकांना?"

मग त्यानं लांब स्वर घातले. आ, ओ, ऊ. "गेलाऽऽ तो दूऽऽर..." शेजारच्या गोठ्यातली गाय हंबरून उत्तर द्यायला लागली. दोघांचं बराच वेळ चाललं. गाय बरी म्हणत होती.

मग ल, म, न. सगळं मऊ मऊ. माझी जाळी इतकी पुसली गेली, की मला डुलकी लागली. वहिनी म्हणाल्या, "अहो, ह्यानं झोप येती. गेलेल्याला झोप लागलेलीच हाय की. तुमचं काय म्हननं हाय, ते सांगा."

"तेच सापडंना," भागवत म्हणाला. यमकाशिवाय म्हणाला. मला त्याची काळजी वाटली.

सापडलं ते एका हळदीच्या कार्यक्रमात, आणि तेही वीज मंडळाच्या कृपेनं. भागवत माझ्यावर रंगात येण्याचा प्रयत्न करत होता:

"मांडवाच्या दारी रोवला केळीचा खांब,
नवरी म्हणते नवरदेवाला, अजून जरा..."

आणि लाईट गेली. मी ठप्प. भागवत तोंड उघडं ठेवून तसाच. आणि मांडवातून, बायकांतून, पोरांतून, आचाऱ्यांतून, एकदम आवाज आला, "थांब!"

सगळे हसले. भागवत हसला नाही. तो माझ्याकडं बघत होता. मी बंद होतो, तो गप्प होता, तरी शब्द आला होता. कुठून आला? त्यांच्यातून आला. पहिल्या ओळीत त्यानं हाक मारून ठेवली होती, म्हणून दुसऱ्या ओळीत त्यांना ओ द्यावीशी वाटली.

यमक म्हणजे हेच की! मी इतकी वर्षं तोंडावर झेलतोय, मलाही तोवर कळलं नव्हतं. यमक म्हणजे गोड घुंगरू नव्हे. एक ओळ हाक मारते आणि ऐकणारा ओ ऐकायला कान लावून बसतो. ओ लगेच आली तर मजा. उशिरा आली तर हुरहुर. आणि आलीच नाही तर?

त्या दिवशी भागवतनं वायर उलटी गुंडाळली.

दिवस गेले. वडील गेले तर वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं, असं आमच्याकडं. मालनबाईंनी तर नदीला शब्द दिलेला. रेश्माचं जमलं. मुलगा जामखेडचा, हर्षल. पत्रिका घेऊन मायलेकी भागवतच्या दारात आल्या. खरं म्हणजे मालनबाई आत आल्या, रेश्मा उंबऱ्याशी थांबली.

"भाऊजी, मांडव तुमचा, माईक तुमचा," मालनबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुनाचा आवाज त्यांना चालायचा न्हाई."

"मंडप काकांचा," रेश्मा बाहेरून म्हणाली. "आवाज गुरुजींचा. काका फक्त पाहुण्यांची नावं पुकारतील."

भागवतनं घसा खाकरला. "रेश्मा बाळा, एक मंगलाष्टक म्हणू दे. दादांसाठी. एकच."

"काका, बाबांचं नाव तुम्ही माईकवर घ्यायचं न्हाई."

"मी शब्द दिलाय गं," मालनबाई म्हणाल्या. "तुमचं नाव घिऊन लगीन करू म्हनले हुते. आता कोन घेनार ते नाव? मला तर त्यांचं नाव घ्यायची सवय न्हाई. जल्मात घेतलं न्हाई."

रेश्मानं उंबऱ्याशी चपला काढल्या. मग आत आली, आणि भागवतकडं नाही, माझ्याकडं बघून म्हणाली, "म्हणा. पण काका, बाबांवर लोक एकदा हसले. मला ते अजून ऐकू येतं. बोहल्यावर जर कुणी हसलं ना, एक जण जरी हसला, तर मी हार टाकून खाली उतरीन, आणि हा माईक विहिरीत."

"विहीर कंची?" माधुरीवहिनींनी काळजीनं विचारलं. "आमच्यात पानी न्हाई."

कुणी हसलं नाही. मी तर नाहीच.

लग्नाच्या दिवशी मांडव गच्च भरला. अक्षता वाटल्या. मुठी भरल्या. अंतरपाट धरला. अलीकडं रेश्मा, तिच्या पाठीशी मामा गोरक्षनाथ, फेटा बांधून. पलीकडं हर्षल. गुरुजींनी दोन-तीन मंगलाष्टकं म्हटली. दरवेळी 'सावधान' झालं की मुठी उघडत, तांदूळ उडत, अर्धे नवरीवर, अर्धे माझ्यावर. तुम्ही बघितलं असेल, माणसाला ते 'सावधान' ऐकूच यावं लागत नाही. चाल उतरायला लागली की हात आपोआप वर जातो. अक्षरांनी हात हलवायचा म्हणजे काय, ते मंगलाष्टकात बघावं.

मग गुरुजींनी भागवतला खूण केली.

घोटाळा असा, की कावळ्याची कथा जामखेडपर्यंत पोचली होती. तिकडच्या वऱ्हाडात एक भारी मिशीवाले काका होते. भागवत माझ्याजवळ येताच ते शेजाऱ्याला कोपरानं ढोसून म्हणाले, "आला बघ. ह्योच त्यो कावळेवाला." शेजाऱ्याच्या गालात हसू जमा झालं. त्याच्या शेजाऱ्याच्याही. पुढच्या दोन रांगा फुगलेल्या पापडासारख्या झाल्या, बोट लागलं की फुटायच्या. रेश्मानं हातातला हार खाली घेतला. मला विहिरीतलं पाणी दिसायला लागलं, नसलेलंसुद्धा.

भागवतनं डोळे मिटले.

"आला मांडव हा भरून सगळा, दाटून बैसे सभा..."

दुडकी चाल नव्हती. मंगलाष्टकाचीच चाल, पण तो ती ओढत नव्हता, ढकलत नव्हता. 'सभा'तला भ माझ्या तोंडावर आला तो ठोसा नव्हता. फुंकर होती. गरम दुधावर घालतात तशी.

"वाजवा की जरा, ताशा कुठंय?" मिशीवाले पुटपुटले. दोघं-तिघं खिदळायच्या बेतात आले.

"गेले सूर चहूकडे उधळुनी, ओलांडुनी या नभा..."

पुन्हा तीच फुंकर. सभा, नभा. हाक आणि ओ. आता सगळ्यांच्या कानांना कळलं की घर कुठलं आहे. पुढच्या ओळीत कुठं पोचायचं ते मांडवातल्या लहान पोरालाही ठाऊक झालं. खिदळणारे ओठ तसेच थांबले, कारण माणूस वाट बघायला लागला की त्याला हसता येत नाही.

"डोळे आज जरा भिजोत तुमचे, आहे तयांना मुभा..."

मालनबाई खाली पहिल्या रांगेत होत्या. त्यांनी ती मुभा घेतली. गोरक्षनाथ मामांनीही घेतली, फेट्याच्या शेमल्यानं. मुठी वर जायला लागल्या. शेवटची ओळ आली की उधळायच्या. भागवतनं श्वास घेतला. मी तोंड पुढं केलं.

"ज्याचा हात धरून आलिस इथे, तो बाप मागे..."

आणि थांबला.

मी फुंकरीची वाट बघत राहिलो. वीज होती. दिवा लागलेला होता. वायर धड होती. भागवतचे ओठ माझ्यापासून चार बोटांवर होते, उघडे. तो शब्द तुमच्याही ओठावर आलाय ना? आलाय. मांडवातल्या प्रत्येकाच्या आला होता. सभा, नभा, मुभा, आणि मग दुसरं काय येणार? दुसरं काही येऊच शकत नव्हतं. हळदीच्या मांडवात लोकांनी शब्द ओरडून पुरा केला होता. इथं कुणी पुरा केला नाही. कसा करणार? म्हटलं की खोटं व्हायचं.

सगळ्यांनी रेश्माच्या पाठीमागं बघितलं. गोरक्षनाथ मामांना त्या जागी थांबणं जड झालं असावं. ते न सांगता एक पाऊल बाजूला सरले. मग तिथं मांडवाचं कापड तेवढं राहिलं, वाऱ्यानं थोडं आत येत होतं.

रेश्मानं मान वळवून मागं पाहिलं.

मी आजवर टाळ्या ऐकल्यात, शिट्ट्या ऐकल्यात, दगड पडताना ऐकलेत. पण इतक्या माणसांनी मिळून एक शब्द न म्हणणं मी तेवढं एकदाच ऐकलं. घट्ट धरलेल्या मुठींमधून तांदूळ निसटत होते, आणि गालिच्यावर पडताना त्यांचा आवाज येत होता. मिशीवाल्या काकांचा हात वरच राहिला होता. त्यांची मिशी ओली झाली होती.

गुरुजींनी घड्याळाकडं बघितलं नाही.

तेवढ्यात पहिल्या रांगेतून मालनबाई बोलल्या. माझ्यावर नाही, आपल्याच आवाजात. कुणाला पटवून द्यावं तसं नाही. दारात कुणी 'घरात कोण हाय का' विचारलं तर आतून सांगावं तसं.

"हायेत," त्या म्हणाल्या. "हायेत की."

यमकात बसत नव्हतं. चालीत बसत नव्हतं. पण ओ आली.

मग 'सावधान' झालं, आणि एवढे तांदूळ उडाले, की ॲम्प्लिफायरमध्ये आजही वाजतात. काही रेश्मावर पडले, काही हर्षलवर. पुष्कळसे दोघांच्याही मागं, त्या मोकळ्या जागेत पडले. तिकडं नेम धरून टाकणाऱ्यांत मिशीवाले काका पहिले होते.

संध्याकाळी पाठवणीच्या वेळी रेश्मा गाडीत बसता बसता परत फिरली. भागवत वायरी आवरत होता. तिनं वाकून त्याच्या पाया पडायचा प्रयत्न केला. त्यानं तिला धरलं.

"काका," ती म्हणाली, "ते शेवटचं... कुणी कितीही म्हटलं तरी पुरं करू नका. तसंच ठेवा."

भागवत म्हणाला, "बरं."

नुसतं बरं. मी बाजूलाच होतो, कान देऊन. पुढं काहीच जुळवलं नाही त्यानं.

आता भागवत पुन्हा पहिल्यासारखा आहे. लग्नात दुडक्या चालीनं पळतो, घरी यमकात मीठ मागतो आणि उपास घडवून घेतो. पण दशक्रियेला लोक त्यालाच बोलावतात. तिथं तो हळू बोलतो, एखादी हाक मारतो आणि थांबतो. बाकीचं लोक आपापल्या मनात म्हणून घेतात. कावळ्यांचं मी सांगत नाही. सांगितलं तर तुम्ही म्हणाल, हा पुन्हा फेकायला लागला.

मी म्हातारा झालोय. नवे बिनवायरीचे माईक आलेत. मी गोडाऊनमध्ये खिळ्याला लटकलेला असतो, जाळीला पोचा आलाय, अधूनमधून एखाद्या हळदीला काढतात. तक्रार नाही. स्वस्थता तेवढी नाही. इतके शब्द माझ्यातून आले नि गेले, त्यातला एकही मागं राहिला नाही. राहिला तो न आलेला. त्याच्यासाठी मी तोंड पुढं केलं होतं, ते अजून मागं घेता आलेलं नाही.

तेव्हा तुम्हाला एवढीच विनंती. या माझ्यापुढं. गा, भांडा, नावं पुकारा, कविता म्हणा. म्हणण्याआधी अक्षरं जिभेवर जरा जोखून बघा, ती कुठल्या चालीनं चाललीत ते बघा, म्हणजे कुणाचा कावळा उडणार नाही. आणि चालू आहे का बघायला 'हॅलो' म्हणा, बोटानं टकटक करा, हवं तर नखानं खरवडा.

फुंकर तेवढी मारू नका. प्रत्येक फुंकरीला मला वाटतं, आला.